रूमवर गॅसचा वास येतोय?

लाखांदूर, पवनी, तुमसरहून भंडाऱ्याला शिकायला आलात, तिघांनी मिळून रूम केली, की तांदूळ घरून येतो, कुकर आई देते. शेगडी आणि सिलिंडर मात्र बरेचदा आधीच्या पोरांकडून उचललेले. नळी किती जुनी, हे कुणालाच ठाऊक नसतं.

मग एका रात्री वास येतो. ‘अबे, नालीचा असंल’ म्हणून आपण झोपून जातो. झोपतो कुठे? खाली, गादी टाकून. आणि एलपीजी तर हवेपेक्षा जड. गळाला की फरशीलगत साचतो, म्हणजे नेमका आपल्या उशाशी. मुळात या गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. तुम्हाला सर्दी असेल तर तोही उपयोग गेला.

उग्र वास असेल तर तपासत बसू नका. रेग्युलेटर बंद करा, सिलिंडरला टोपी लावा, दारं-खिडक्या सताड उघडा. लाइट-पंख्याचं बटण चालूही करायचं नाही, बंदही नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. बाहेर या आणि मगच मोबाइल काढून १९०६ लावा. गॅसगळतीसाठीचा हा नंबर २४ तास सुरू असतो.

वास नसतानाची तपासणी वेगळी, आणि ती महिन्यातून एकदा कराच. काडी ओढून पाहणारे महाभाग अजून आहेत, त्यांना आवरा. वाटीभर पाण्यात साबण घोळा. शेगडीचे कॉक बंद, रेग्युलेटर चालू. रेग्युलेटरच्या जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांना आणि जिथं ती वाकते तिथं फेस लावा. बुडबुडे फुगत राहिले तर गळती तिथंच. सोडावालाही सिलिंडरची गळती अशीच पकडतो. त्याच्या कार्बन डायऑक्साइडला तर वासच नसतो.

बुडबुडे सिलिंडरच्या तोंडाशी आले, तर बहुधा आतली रबरी रिंग फाटलेली किंवा गायब असते. म्हणून नवा सिलिंडर आला की डिलिव्हरीवाल्या दादांसमोरच तपासून घ्या, लाजू नका. नळीवर आले तर टेप गुंडाळण्याचा जुगाड नको, नळीच बदला. नारिंगी सुरक्षा नळीसुद्धा ५ वर्षांनी बदलावीच लागते. उंदरांना ती भारी आवडते, तेव्हा शेगडीमागचा भाग आधी बघा.