तीन इंचांचा कायदा आहे तरी कुठे?

"तीन इंचांच्या वर पातं असलं की थेट आर्म्स ॲक्ट." हे वाक्य बीदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेडच्या बसथांब्यावर ऐकू येतं, हुमनाबादच्या बाजारात ऐकू येतं आणि उमरग्याहून आलेला पाहुणाही तेच सांगतो. कोणतं कलम, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "अहो, सगळ्यांना माहीत आहे की!" खिशात घडीचा चाकू बाळगणाऱ्या आणि जुने चाकू हौसेनं जमवणाऱ्या माणसाला हे इतक्यांदा ऐकावं लागतं की एकदा सगळं कागदावर मांडलेलं बरं.

शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या दुसऱ्या कलमात 'शस्त्र' कशाला म्हणायचं ते दिलं आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी म्हणून घडवलेली, नाहीतर तशी बदलून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. धारदार हत्यारंही त्यात येतात. पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तू त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. उदाहरणादाखल कायद्यानंच लाठी आणि साधी हातातली काठी यांची नावं घेतली आहेत. त्या व्याख्येत इंच नाहीत. वस्तू कशासाठी केली आहे, एवढंच तिथे विचारलं आहे.

इंच येतात ते नियमांत. १९६२ च्या नियमांत होते आणि २०१६ च्या नव्या नियमांतही आहेत. तिथल्या पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. नऊ. तीन नव्हे. आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी केलेली पाती पुन्हा वगळली आहेत. बरं, बंदूक सोडून इतर शस्त्रं जवळ बाळगायला परवाना कधी लागतो? चौथं कलम सांगतं, की केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढून त्या भागाला आणि त्या प्रकारच्या शस्त्राला ते कलम लागू केलं असेल तेव्हा.

ज्या हळ्ळीखेडच्या शिवारात बीदर जिल्ह्याचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथल्या माणसाला हे खरं तर समजावून सांगायची गरज पडू नये. उसाचा कोयता तीन इंचांच्या किती पुढे असतो ते मोजून बघा. विळा बघा, नारळवाल्याची सुरी बघा. तीन इंचांचा नियम खरा असता तर हंगामात अर्धा तालुका गजाआड गेला असता.

मग हे तीन इंच आले कुठून? माझ्या मते दोन ठिकाणांहून. पहिलं दिल्ली. तिथल्या प्रशासनानं २९ ऑक्टोबर १९८० रोजी एक अधिसूचना काढली. तिच्यात ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन इंच, किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. पण सगळ्या चाकूंचा नव्हे. तो खटक्याच्या, स्प्रिंगच्या, गरारीच्या, थोडक्यात यंत्रानं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चाकूंचा आहे. आणि ती अधिसूचना दिल्लीची आहे, बीदरची नव्हे. तिथेसुद्धा नुसता चाकू सापडला म्हणजे झालं असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं खटक्याच्या चाकूचा एक खटला रद्द केला, कारण तो विक्रीसाठी बाळगल्याचा आरोपच आरोपपत्रात नव्हता. दुसरं ठिकाण इंग्लंड. तिथल्या १९८८ च्या कायद्यात तीन इंचांपर्यंतचा, मिटणारा आणि न अडकणारा खिशातला चाकू सार्वजनिक ठिकाणी चालतो. यूट्यूबवर चाकू दाखवणारे काही विलायतेतले. आपली पोरं ते बघतात आणि लंडनचा नियम हुमनाबादला लावून मोकळी होतात.

सिनेमानंही हातभार लावला. खलनायकानं खटका दाबला की 'रामपुरी' बाहेर, हे इतक्या वेळा दाखवलं गेलं की पेरू कापायचा चाकूही लोकांना रामपुरी दिसतो. खुद्द रामपूर शहरानं मात्र २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभा करून घेतला. त्यांना आपल्या कारागिरीची लाज वाटत नाही.

इथवर वाचून कोणी खूश झाला असेल तर थांबावं, कारण याच गैरसमजाची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे: "माझा चाकू लहान आहे, मला कोण विचारतो?" विचारतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली जमावबंदीच्या काळात शस्त्रंच नव्हे, तर चाकू, काठ्या, लाठ्या आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला मनाई करता येते. कर्नाटक पोलीस कायद्यातही अशी तरतूद आहे. शिवाय पूर्वीचं १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ वं कलम आहेच. असा आदेश निघाला की तुमचं पातं दोन इंचांचं आहे की चार, याला काही अर्थ राहत नाही. आपण सीमेवरची माणसं; सकाळी हुमनाबाद, दुपारी उमरगा, संध्याकाळी जहीराबाद. एका दिवसात तीन राज्यांचे आदेश लागू होतात. निवडणूक, मिरवणूक, दंगलीनंतरचे दिवस, माणिकनगरची दत्तजयंती किंवा हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराची जत्रा, अशा वेळी चाकू घरी ठेवलेला बरा. आणि भांडणात तो उघडला, तर लांबीची चर्चा संपलीच. कापायच्या हत्यारानं इजा केल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ११८ व्या कलमात येतो आणि तो अडकित्त्यानंही घडू शकतो.

"शिखांना चालतं, मग आम्हाला का नाही?" हा प्रश्नही आपल्याकडे हमखास येतो, कारण बीदरला नानक झिरा साहेब गुरुद्वारा आहे. कृपाण धारण करणं हा राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच मान्य केलेला धर्माचरणाचा भाग आहे. तुमच्या-माझ्या पेरूच्या चाकूला घटनेत जागा नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही.

ज्यासाठी माणसं चाकू बाळगतात त्यात थरारक काहीच नसतं. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, ठिबकची नळी कापायची, कांड्याची साल काढायची, कैरी चिरायची. त्याला लागतो साधा घडीचा चाकू: एक पातं, लाकडाची किंवा शिंगाची मूठ, पाठीला पोलादी कमान. घेताना एवढं बघा. मिटलेला चाकू उजेडासमोर धरा. पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसलेलं दिसलं पाहिजे. उघडून पात्याचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. खिळ्यापाशी खुळखुळ जाणवली तर परत ठेवा. शेवटी सावकाश उघडा. कमानीचा ताण हाताला शेवटपर्यंत जाणवला पाहिजे आणि पूर्ण उघडल्यावर 'टक्' असा ठाम आवाज आला पाहिजे. या चाकूत पातं अडकवणारी कडी नसते, ते फक्त कमानीच्या ताणावर उभं असतं. म्हणून त्यानं भोसकायला किंवा उचकटायला जाऊ नका. पातं मिटेल ते तुमच्याच बोटांवर.

बाकीचे समज थोडक्यात.

ठिणग्या जितक्या जास्त तितकी धार चांगली, हा एक. चाकावर धार लावताना कड निळी पडली तर समजा की पातं तीनशे अंशांच्या आसपास तापलं आणि त्याचं पाणी उतरलं. घरी सपाट दगडावर पाणी टाकून लावलेली धार बरी.

पातं काळं पडलं म्हणजे खराब झालं, हा दुसरा. साध्या पोलादावर लिंबू, चिंच, कैरी लागली की करडा-काळा थर येतो. तो उलट थोडंफार रक्षणच करतो. लाल, भुरभुरणारा गंज मात्र लगेच घासून काढा आणि पात्याला तेलाचं बोट लावा.

"अस्सल बिदरी चाकू" विकणाऱ्याला हसून नमस्कार करा. बिदरीचा मुख्य धातू जस्त. त्याला चांदीची नक्षी शोभते, धार टिकत नाही. बिदरी मूठ घ्या, पातं पोलादाचंच हवं.

ऑनलाइन मिळणारी लाटालाटांची 'दमास्कस' पाती म्हणजे आपल्या दख्खनचं जुनं पोलाद नव्हे. ते निजामाबादकडच्या कोनासमुद्रमला मुशीत वितळवून होत असे आणि इराणी व्यापारी ते घ्यायला तिथवर येत. आजची नक्षी बहुधा दोन पोलादं थरावर थर जोडून आम्लात बुडवून काढलेली असते. सुंदर असते, पण वेगळी असते.

शंभर वर्षांहून जुना चाकू परदेशातल्या पुतण्याला भेट पाठवायचा विचार असेल तर सोडा. १९७२ च्या कायद्यानं ती पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. नव्या चाकूला अडचण नाही, मात्र विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही, सामानात टाका.

ग्रहणात गरोदर बाईनं चाकू धरला तर बाळाचा ओठ फाटतो, हे सांगणाऱ्या आजीबाईंना एवढंच सांगा: बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आतच. चाकू हातातून हातात दिल्यानं भांडण होत नाही. मिटून, मूठ पुढे करून दिला तर बोटही कापत नाही.

आणि शेवटचा, ज्यानं माणसं खरोखर मरतात. "गंजक्या चाकूनं कापलं तरच धनुर्वात होतो, माझा तर चकचकीत आहे." धनुर्वात गंजानं होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि गोठ्यातून आलेल्या चकचकीत पात्यावरही ते बसलेले असतात. कापलं तर जखम साबणानं, भरपूर पाण्यानं धुवा. वर हळद, माती, तंबाखू काही लावू नका. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन घ्या.