रूप पालटलं म्हणजे नक्की काय पालटलं? ड्रुइडच्या ‘वाइल्ड शेप’बद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळताना ड्रुइडने अस्वलाचं रूप घेतलं की टेबलावरचा खेळ बऱ्याचदा तिथेच अडतो. अस्वलाला बोलता येईल का? अंगातलं चिलखत कुठे गेलं? आधीच्या जखमा भरल्या का? पुस्तकं उघडली जातात, मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि रंगात आलेली लढाई थंड पडते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाइल्ड शेपइतकी सुंदर कल्पना या खेळात क्वचितच सापडेल, आणि तिचा नियम लोक समजतात तेवढा मोघमही नाही. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये तो जेमतेम पानभर आहे. ते पान सावकाश वाचलं तर बरेचसे वाद उद्भवतच नाहीत.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिका पाहून या खेळाकडे वळलेल्यांसाठी दोन वाक्यं. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, डन्जन मास्टर म्हणजे डीएम गोष्ट आणि जग सांभाळतो, आणि जे बेभरवशाचं आहे ते फासे ठरवतात. ड्रुइड हा निसर्गातून शक्ती मिळवणारा जादूगार, आणि जनावराचं रूप घेण्याची त्याची क्षमता म्हणजे वाइल्ड शेप.

गैरसमजांचं मूळ बहुतेक वेळा जुन्या पुस्तकांत असतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ चा. ड्रुइड खेळाडूंच्या हाती आला तो १९७६ मध्ये, ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या पुरवणीतून. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये ड्रुइडला सातव्या लेव्हलपासून दिवसातून तीन वेळा रूप बदलता येई: एकदा सरपटणारा प्राणी, एकदा पक्षी, एकदा सस्तन प्राणी. रूप बदलताना काही जखमाही भरून निघत. २००३ च्या ३.५ आवृत्तीत रूप बदललं की रात्रभर विश्रांती घेतल्याइतके हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याच्या ताकदीचे गुण, परत मिळत, आणि ‘नॅचरल स्पेल’ नावाचं फीट, म्हणजे जादा कौशल्य, घेतलं की जनावराच्या रूपात मंत्रही टाकता येत. आज टेबलावर कुणी ठामपणे म्हणालं, “अस्वल झाल्यावर जखमा भरतात,” तर तो खोटं बोलत नसतो. त्याला दुसरं पुस्तक आठवत असतं. त्यात २०२४ मध्ये पाचव्या आवृत्तीचं सुधारित हँडबुक आलं आणि वाइल्ड शेपचा पायाच बदलला. म्हणून वाद सुरू झाला की पहिला प्रश्न एकच विचारावा: आपण कुठलं पुस्तक खेळतोय?

“अस्वल झालं की जखमा भरतात”

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून हिशेब मांडूनच पाहू. पाचव्या लेव्हलची एक ड्रुइड आहे, सर्कल ऑफ द मून या शाखेची. लढाईत मार खाऊन तिचे ९ हिट पॉइंट उरलेत. ती तपकिरी अस्वल होते. २०१४ च्या नियमाप्रमाणे तिला अस्वलाचे ३४ हिट पॉइंट मिळतात, पण तिचे स्वतःचे ९ कुठेही जात नाहीत आणि वाढतही नाहीत. ते बाजूला, जसेच्या तसे थांबून राहतात. पुढे अस्वल ३० चा मार खातं, ४ उरतात. आता ओग्र हा राक्षस सोटा हाणतो. त्याचा सरासरी तडाखा १३ चा असतो. समजा फाशांवर १२ आले. ४ अस्वलाच्या खात्यातून गेले, अस्वलाचं रूप गळून पडलं, आणि उरलेला ८ चा मार ड्रुइडवर आला. ९ मधून ८ गेले. एका हिट पॉइंटवर ती उभी आहे, शुद्धीवर आहे. पण फाशांवर १३ आले असते तर जादाचा मार ९ झाला असता, आणि ती बेशुद्ध पडली असती.

या एका उदाहरणात दोन गैरसमज उघडे पडतात. जखमा भरल्या नव्हत्या, फक्त झाकल्या गेल्या होत्या. आणि “रूप गेलं की जादाचा मार वाया जातो” हेही खरं नाही, तो मूळ देहावर येतोच. मून शाखेच्या ड्रुइडला स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याची एक संधी, खर्चून, बोनस अ‍ॅक्शनमध्ये, दर स्लॉट लेव्हलमागे १डी८, म्हणजे आठ बाजूंच्या एका फाशावर येतील तेवढे, हिट पॉइंट परत मिळवता येतात, पण तेही रूपात असतानाच. ते अस्वलाचे हिट पॉइंट, ड्रुइडचे नव्हेत.

हीच ड्रुइड २०२४ च्या पुस्तकाप्रमाणे खेळली तर चित्र पार वेगळं दिसतं. तिचे ९ हिट पॉइंट ९ च राहतात, अस्वलाचे ३४ मिळतच नाहीत. त्याऐवजी तात्पुरते हिट पॉइंट मिळतात: साध्या ड्रुइडला लेव्हलइतके, म्हणजे ५, आणि मून शाखेला तिप्पट, म्हणजे १५. मला हा बदल योग्य वाटतो. २०१४ मध्ये दुसऱ्याच लेव्हलला मून ड्रुइड विश्रांतीआधी दोनदा अस्वल होऊ शकत असे. स्वतःच्या पंधरा-सतरा हिट पॉइंटवर अडुसष्टची भर, आणि शेजारी उभा असलेला फायटर वीसच्या आसपास हिट पॉइंट घेऊन झुंजतोय! जुन्या नियमावर प्रेम असलेले लोक हळहळले, आणि त्यांची हळहळ मला समजते. अस्वल होऊन अस्वलाइतकं दणकट न होणं मनाला पटायला जड जातं.

शरीर जनावराचं, मन कुणाचं?

मन ड्रुइडचं. नियम इतका स्पष्ट आहे की तरीही वाद होतात याचंच नवल वाटतं. ताकद, चपळाई आणि काटकपणा हे आकडे जनावराचे. बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव हे आकडे ड्रुइडचे स्वतःचे. अस्वलाची बुद्धी पुस्तकात २ आहे, पण अस्वल झालेली ड्रुइड नकाशा ओळखते, दगाबाज सरदाराचं बोलणं समजते, बेत लक्षात ठेवते. ज्या कौशल्यांत ती आधी तरबेज होती, त्यांत आताही आहे. उलट जनावराला एखाद्या कौशल्यात तिच्यापेक्षा जास्त बोनस असेल तर तोही तिला मिळतो.

समजणं आणि बोलणं मात्र वेगळं. रामायणातला मारीच सुवर्णमृगाचं सोंग घेऊन फिरतो आणि मरताना रामाच्या आवाजात हाक मारतो. २०१४ च्या नियमात हरीण झालेल्या ड्रुइडला तसं करता येत नाही. तोंड हरणाचं असेल तर आवाजही हरणाचाच. आणि लांडगा झालं म्हणून लांडग्यांची भाषा येते असंही नाही. त्यासाठी ‘स्पीक विथ अ‍ॅनिमल्स’ हा मंत्र आधीच टाकून ठेवावा लागतो, आणि तो दहा मिनिटं टिकतो.

इथे ‘पॉलिमॉर्फ’ या मंत्राशी गल्लत होते. तो चौथ्या लेव्हलचा मंत्र, ड्रुइडलाही येतो, म्हणून लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात. पण पॉलिमॉर्फमध्ये बुद्धीसुद्धा जनावराची होते. एखाद्या फायटरला टायरनोसॉरस केलंत तर त्याची बुद्धी २ वर येते. स्वभाव आणि निष्ठा मात्र टिकून राहतात, म्हणून तो आपल्याच सोबत्यांना खाऊ लागेल असं म्हणणाऱ्या डीएमला नियमाचा आधार नाही. गुंतागुंतीचा बेत त्याला कळणार नाही, एवढं म्हणणं रास्त. आणि पॉलिमॉर्फ कॉन्सन्ट्रेशनवर टिकून असतो, मंत्र टाकणाऱ्याचं लक्ष मोडलं की संपला. वाइल्ड शेपला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही.

“जनावर असताना जादू पूर्ण बंद”

अर्धं खरं. २०१४ च्या नियमात नवा मंत्र टाकता येत नाही. अठराव्या लेव्हलला ‘बीस्ट स्पेल्स’ मिळेपर्यंत तरी नाही. पण आधी टाकलेला मंत्र रूप बदलल्याने तुटत नाही. पुस्तकाने स्वतःच ‘कॉल लाइटनिंग’चं उदाहरण दिलंय: ढग आधी बोलावून ठेवले असतील तर अस्वल झाल्यावरही दर फेरीला अ‍ॅक्शन खर्चून वीज पाडता येते. गुरगुरणारं अस्वल आणि डोक्यावर कडाडणारी वीज, हे दृश्य पूर्णपणे नियमात बसतं. मार बसला की कॉन्सन्ट्रेशन टिकवायला कॉन्स्टिट्यूशनचा फासा टाकावा लागतो, आणि तिथे अस्वलाचा काटकपणा, १६ म्हणजे +३, कामी येतो. नवे खेळाडू हा फायदा हमखास विसरतात.

ज्ञानेंद्रियांच्या बाबतीत उलटं घडतं. एल्फ ड्रुइडला अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं. ती पहारेकऱ्यांना चुकवायला मांजर होते आणि गृहीत धरते, मांजर म्हणजे अंधारात दिसणारच. पण डार्कव्हिजनसारखी खास दृष्टी नव्या रूपाकडे असेल तरच टिकते, आणि २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या मांजराला डार्कव्हिजन लिहिलेलीच नाही. वास ओळखण्याची तीक्ष्ण क्षमता आहे, पण अंधारात ती आंधळीच. उंदराला मात्र तीस फुटांची आहे! खऱ्या मांजरांच्या डोळ्यांवर हा उघड अन्याय आहे, आणि एखाद्या डीएमने मांजराला ती दृष्टी बहाल केली तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. फक्त तो त्याचा निर्णय, पुस्तकाचा नियम नव्हे, हे सर्वांना आधी ठाऊक असावं.

कुठलंही जनावर?

नाही. तीन चाळण्या आहेत. पहिली, तो प्राणी ‘बीस्ट’ या प्रकारात मोडला पाहिजे. २०२३ च्या ‘ऑनर अमंग थीव्ज’ चित्रपटात डोरिक ही ड्रुइड आउलबेअर, म्हणजे घुबड-अस्वल, होते, त्याच वर्षी आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेममध्येही आउलबेअर होता येतं, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या ड्रुइडला तेच व्हायचं असतं. पुस्तकात आउलबेअर ‘मॉन्स्ट्रॉसिटी’ आहे, बीस्ट नाही, म्हणून नियमाने चालत नाही. डायनोसॉर मात्र बीस्ट आहेत, ते चालतात.

दुसरी चाळणी चॅलेंज रेटिंगची, म्हणजे प्राणी किती घातक आहे याच्या आकड्याची: साध्या ड्रुइडला दुसऱ्या लेव्हलला १/४, चौथ्याला १/२, आठव्याला १. उडणारे प्राणी आठव्यापर्यंत बंद. २०१४ मध्ये पोहणारेही चौथ्यापर्यंत बंद होते. तिसरी, २०१४ पुरतीच: तो प्राणी तुमच्या पात्राने पाहिलेला असला पाहिजे. खेळाच्या जगातल्या चल्ट या प्रदेशाच्या जंगलात वाढलेल्या ड्रुइडने डायनोसॉर पाहिलेच असणार. उत्तरेच्या बर्फात वाढलेल्याने पाहिले का, हे डीएमशी बोलून मोहीम सुरू होण्याआधीच ठरवावं. २०२४ च्या पुस्तकाने हा प्रश्न निकालात काढून ठरावीक रूपांची यादी ठेवायला सांगितलं, दुसऱ्या लेव्हलला चार.

चिलखताचं उत्तर पुस्तकात थेट आहे. सामान खाली पडेल, देहात विरघळेल की अंगावर राहील, हे खेळाडू ठरवतो. विरघळलेल्या सामानाचा काहीही उपयोग होत नाही, जादूची अंगठी असली तरी. अंगावर ठेवलेलं सामान त्या देहाला पेलेल का, हे डीएम ठरवतो, आणि सामान स्वतःहून लहानमोठं होत नाही. लांडग्याच्या गळ्यात ताईत शोभेल. लांडग्याच्या अंगात माणसाचं चिलखत नाही.

नियम वाचूनही उत्तर न मिळण्याचे प्रसंग असतात, आणि त्यात खेळाडूंचा दोष नसतो. ‘डिसइंटिग्रेट’ या मंत्राने शून्यावर आलेला जीव भुकटी होतो. मग अस्वलाचे हिट पॉइंट त्याने शून्य झाले तर ड्रुइडचं काय? नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांच्या, नियमांच्या शंकांना उत्तरं देणाऱ्या सेज अ‍ॅडव्हाइसमधलं सुरुवातीचं उत्तर होतं: भुकटी. पुढे २०१८ च्या शुद्धिपत्राने मंत्राचं वाक्यच बदललं. त्या माराने जीव शून्यावर ‘उरला’ तरच भुकटी, म्हणजे आधी रूप गळतं, मग जादाचा मार मोजला जातो. लिहिणाऱ्यांनाच मत बदलावं लागलं, तिथे टेबलावर दोन मतं पडली तर त्यात वावगं काही नाही. अशा वेळी डीएमने पटकन निर्णय द्यावा, खेळ पुढे न्यावा आणि सत्र संपल्यावर पुस्तक काढावं.

आणि ती प्रसिद्ध समजूत, विसाव्या लेव्हलचा मून ड्रुइड मरतच नाही? २०१४ च्या पुस्तकात त्याला वाइल्ड शेप कितीही वेळा वापरता येई, तोही बोनस अ‍ॅक्शनने, म्हणजे दर फेरीला मॅमथचे नवे कोरे १२६ हिट पॉइंट. नुसत्या माराने त्याला पाडणं खरंच कठीण. पण ज्याला अ‍ॅक्शन घेता येत नाही त्याला बोनस अ‍ॅक्शनही घेता येत नाही. त्याला लुळा किंवा सुन्न करणारा एक मंत्र लागला की रूप पालटणं थांबतं, आणि मग मॅमथच्या मागे उरलेले त्याचे स्वतःचे हिट पॉइंट तेवढेच असतात. २०२४ मध्ये अमर्याद वापरही गेला: लढाई सुरू होताना वाइल्ड शेपचा एकही वापर शिल्लक नसेल, तर एक परत मिळतो.