ठासणीच्या बंदुकीत कोणती दारू भरावी?

नाताळ उलटला की अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात चकमकीच्या बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो आणि त्या निमित्ताने हरणांची संख्या, परवाने, बर्फ आणि बंदुका यांविषयी भरपूर लिहिले जाते. परंतु ज्या मूठभर काळ्या दाण्यांवर त्या शिकारीची सारी भिस्त असते, त्या दारूची चर्चा क्वचितच होते. १९७४ साली सुरू झालेल्या या हंगामात तांब्याच्या टोपीने पेटणारी बंदूक चालत नाही, ठिणगी चकमकीतूनच पडावी लागते. याच राज्यात ऑक्टोबरमध्ये शिंगे नसलेल्या हरणांसाठी ठासणीच्या बंदुकांचा दुसरा हंगाम असतो आणि त्यात अगदी आधुनिक बनावटीची ठासणीची बंदूकही वापरता येते. दोन्ही हंगामांत दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडूनच गजाने ठासली जाते, तरीही ऑक्टोबरमध्ये उत्तम ठरलेली दारू डिसेंबरअखेरीस निरुपयोगी ठरू शकते. ज्या शिकाऱ्याला हा फरक कळला, त्याला दारूची निवड करण्याचे तत्त्व कळले असे म्हणता येईल. कारण दारू बंदुकीच्या पेटण्याच्या पद्धतीवरून ठरते, वेगाचे आकडे त्यानंतर पाहायचे असतात.

चकमकीच्या बंदुकीत चाप ओढला की घोड्यात आवळलेला गारगोटीचा तुकडा पोलादी पट्टीवर घासला जातो, पट्टी पुढे उलटते आणि तिच्याखाली उघड्या पडलेल्या छोट्या वाटीत ठिणग्या पडतात. वाटीत रंजक, म्हणजे पेट घेण्यासाठी टाकलेली अत्यंत बारीक दारू असते. तिची ज्योत नळीच्या बुडाशी असलेल्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आत शिरते आणि मुख्य बार पेटतो. या साखळीत ज्योत अशक्त आणि क्षणिक असते. सोरा, गंधक आणि कोळसा यांची पारंपरिक काळी दारू एवढ्याशा ज्योतीनेही पेट घेते, कारण तिच्यातील गंधक कमी तापमानाला पेटते आणि आग दाण्यादाण्यांतून झपाट्याने पुढे नेते. तिला पर्याय म्हणून निघालेल्या बहुतेक दारूंना पेटण्यासाठी याहून बरीच जास्त उष्णता लागते. त्यामुळे त्या चकमकीच्या बंदुकीत भरल्या तर रंजक भपकन जळते आणि बार तसाच राहतो, किंवा तो इतक्या उशिरा सुटतो की तोवर नेम हललेला असतो. जखमी होऊन निसटलेले जनावर हा अशा विलंबाचा परिणाम असतो आणि तो कोणत्याही प्रामाणिक शिकाऱ्याला चटका लावून जातो.

काळ्या दारूतही दाण्याचा आकार पाहावा लागतो. ती पृष्ठभागावरून आत जळत जाते, म्हणून दाणा जितका बारीक तितका एकूण पृष्ठभाग मोठा आणि तितका दाब लवकर वाढतो. अमेरिकी डब्यांवर हा आकार ‘एफ’ या अक्षराच्या संख्येने दाखवतात आणि अक्षरे जितकी जास्त तितका दाणा बारीक असतो. रूढ प्रथेनुसार पॉइंट ५० इंच किंवा त्याहून रुंद नळीला दोन एफची, पॉइंट ४५ आणि त्याहून अरुंद नळीला तीन एफची आणि रंजकासाठी चार एफची दारू घेतात. चार एफची दारू मुख्य बार म्हणून भरणे धोक्याचे असते, कारण तिचा दाब फार लवकर चढतो.

काळ्या दारूवर सर्वाधिक टीका होते ती तिच्या काजळीसाठी, आणि ती रास्त आहे. जळलेल्या काळ्या दारूच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग वायूत रूपांतरित न होता घन क्षारांच्या रूपाने मागे राहतो. पांढरा दाट धूर आणि नळीत साचणारा थर हे दोन्ही त्याचेच परिणाम होत. हे क्षार हवेतील ओल ओढून घेतात आणि पोलादाला गंज चढवतात, तसेच दोन-तीन बारांनंतर गोळी ठासताना गज अडू लागतो. मात्र हेच क्षार पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे कोमट पाणी, साबण, सुती चिंध्या आणि शेवटी तेलाचा हात एवढ्यावर नळी स्वच्छ होते. ज्याला त्याच संध्याकाळी बंदूक धुण्याची शिस्त आहे, त्याने केवळ काजळीला भिऊन काळी दारू सोडण्याचे कारण नाही.

ती सोडण्याची वेळ अनेकांवर आली ती पुरवठ्यामुळे. अमेरिकेतील काळ्या दारूचा इतिहास ड्यू पाँ घराण्यापासून सुरू होतो. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या हाताखाली दारू बनवण्याचे शास्त्र शिकलेल्या एल्युतेर इरेने ड्यू पाँ याने १८०२ साली डेलावेअरमध्ये ब्रँडिवाइन नदीकाठी कारखाना काढला. त्या दारूतला सोरा मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जात असे. बिहारच्या मातीतून निघणारा हा क्षार इतका मोलाचा होता, की अमेरिकी यादवी युद्ध पेटल्यावर १८६१ साली लॅमॉट ड्यू पाँ याला सरकारच्या वतीने इंग्लंडमध्ये उपलब्ध सोरा विकत घेण्यासाठी पाठवण्यात आले आणि दोन्ही देशांतील तणाव वाढताच ब्रिटिश सरकारने तो माल अडवून धरला. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ड्यू पाँ कंपनीने काळ्या दारूचा व्यवसाय विकला आणि त्यातून ‘गोएक्स’ हे नाव पुढे आले. लुईझियानातील मिंडेन येथे चालणारा गोएक्सचा कारखाना बंद करण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली, तेव्हा चकमकीच्या बंदुका बाळगणाऱ्यांत मोठी अस्वस्थता पसरली. पुढच्या वर्षी एस्टेस कंपनीने तो विकत घेतला, परंतु दरम्यानच्या काळात स्वित्झर्लंडच्या ओबोन येथे बनणाऱ्या आणि जर्मनीहून येणाऱ्या दारूवर अनेकांना विसंबावे लागले. स्विस दारूचा दाणा अधिक घट्ट व एकसारखा असतो आणि तेवढ्याच मापात ती अधिक वेग देते, म्हणून डबा बदलला की बार कमी भारापासून पुन्हा बसवत न्यावा लागतो.

पुरवठ्याच्या या अडचणीमागे कायदाही आहे. काळी दारू स्फोटक म्हणून गणली जात असल्याने तिची वाहतूक आणि दुकानातील साठवण यांवर कडक बंधने असतात. नेमक्या याच अडचणीवर डॅन पॉलॅक या संशोधकाने उत्तर शोधले. काळ्या दारूइतक्याच मापाने भरता येईल, जवळपास तेवढाच दाब देईल, पण सहज पेट घेणार नाही आणि त्यामुळे सामान्य दुकानात ठेवता येईल अशी दारू त्याने तयार केली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास ती ‘पायरोडेक्स’ या नावाने बाजारात आणली. जानेवारी १९७७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील इसाक्वा येथील त्याच्या कारखान्यात भीषण दुर्घटना झाली आणि पॉलॅकसह चौघांचा मृत्यू झाला. काळ्या दारूपेक्षा सुरक्षित ठरलेल्या पदार्थाचा जनक तो पदार्थ बनवतानाच गेला, ही गोष्ट दारूच्या बाबतीत ‘सुरक्षित’ हा शब्द किती जपून वापरावा हे दाखवून देते. पुढे हॉजडन कंपनीने कॅन्झसमधील हेरिंग्टन येथे उत्पादन सुरू ठेवले आणि पॉलॅकची दारू देशभरातल्या दुकानांत पोचली. आज काही लाख शिकारी जी सोय गृहीत धरतात, ती या माणसाच्या कल्पकतेचे फळ आहे आणि शिकारीवरील लिखाणात त्याचे नाव इतके विरळ सापडावे हे योग्य नाही.

पायरोडेक्स तांब्याच्या टोपीच्या बंदुकीत चांगली चालते, कारण टोपीची ज्योत ठिणगीपेक्षा बरीच जोमदार असते. मात्र तिच्यातील परक्लोरेट या रसायनामुळे मागे राहणारे क्षार काळ्या दारूच्या क्षारांहूनही गंजकारक असतात, म्हणून ती ‘स्वच्छ’ असल्याच्या समजुतीने बंदूक रात्रभर तशीच ठेवणाऱ्याला सकाळी नळीत तांबूस डाग दिसतात. त्यानंतर आलेल्या ‘ट्रिपल सेव्हन’ या दारूत गंधक नाही, त्यामुळे तिला उग्र वास नसतो आणि ती पाण्याने झटकन धुतली जाते; पण ती तेवढ्याच मापात सुमारे १५ टक्के अधिक जोर देते आणि गोळी बसते त्या जागी कठीण कड्याच्या रूपाने काजळी धरते. या दारूंच्या ५० ग्रेनच्या आयत्या गोट्याही मिळतात. ग्रेन हे पौंडाच्या सात हजाराव्या भागाएवढे वजन होय. पायरोडेक्सच्या गोटीचे एक टोक गडद दिसते, कारण तिथे लवकर पेटणारा काळ्या दारूचा लेप असतो. ते टोक नळीच्या बुडाकडे राहिले तरच बार नीट सुटतो.

या पर्यायी दारूंच्या बाबतीतच मापाविषयीचा घोटाळा होतो. ठासणीच्या बंदुकीचा भार ग्रेनमध्ये सांगतात खरा, पण काळ्या दारूच्या पर्यायांसाठी ते आकारमानाचे माप असते. म्हणजे १०० ग्रेन काळी दारू जेवढी जागा व्यापेल तेवढ्या जागेत मावणारी पर्यायी दारू. ‘ब्लॅकहॉर्न २०९’ ही दारू अशा मापाने १०० ग्रेन भरली तर तराजूवर ती साधारण ७० ग्रेनच भरते. हे न कळता कोणी तराजूवर पूर्ण १०० ग्रेन तोलले, तर तो नळीत जवळजवळ दीडपट दारू ठासत असतो.

ही ब्लॅकहॉर्न २००८ च्या सुमारास आली आणि तिने आधुनिक बंदुकांचे गणित बदलले. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी लोकप्रिय केलेल्या सरळ रेषेतील रचनेत प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी टोपी, नळीच्या मागेच बसतो आणि पुढे त्या जागी शॉटगनच्या काडतुसातला ‘२०९’ क्रमांकाचा जोरदार प्रायमर रूढ झाला. नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली ब्लॅकहॉर्न अशाच प्रायमरने पेटते. ती ओल शोषत नाही, थोडीच काजळी धरते आणि लागोपाठ बार करू देते, पण ती पाण्याने निघत नाही, तिला द्रावकच लागतो. अशा बंदुकीवर दुर्बीण बसवली की नेमाचे अंतर इतके वाढते, की ठासणीच्या बंदुकांना स्वतंत्र हंगाम द्यावा असे ज्या कारणाने ठरले होते ते कारणच विरळ होत जाते. कोलोरॅडो राज्याने म्हणूनच या हंगामात आयत्या गोट्यांना आणि दुर्बिणीला मनाई केली आहे आणि सुटी दारू हाताने मोजून भरण्याचा आग्रह धरला आहे. हा नियम जाचक वाटला तरी योग्यच आहे, कारण हंगामाची सवलत जवळ जाऊन एकच बार करण्याच्या कष्टांसाठी दिलेली असते.

महाराष्ट्रात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुकांना ही सारी निवड उपलब्ध नाही. परंतु पुढचा इशारा तिथल्या घराघरांतही तितकाच लागू आहे. आधुनिक काडतुसांतील बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही भरू नये. तिचा दाब काळ्या दारूच्या कित्येक पट होतो आणि त्यासाठी न घडवलेली नळी बुडाशी फाटते, तेही नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. सॅव्हेजच्या १० एमएलसारखी मोजकी मॉडेल्सच त्या दाबासाठी मुद्दाम बनवली गेली होती. म्हणून दारू घेण्याआधी बंदुकीसोबतच्या पुस्तिकेतील कमाल भार आणि राज्याच्या चालू वर्षाच्या नियमावलीतील ठासणीच्या बंदुकांचे पान दोन्ही वाचावे, भरताना टेबलावर एकच डबा उघडा ठेवावा, आणि दारू डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत न ओतता नेहमी मापातूनच ओतावी.