जाणाऱ्यांचा मोसम

भिलाई-रायपूरकडच्या पक्षीवेड्यांच्या हिशेबात 2021 पासून नवा काळ सुरू होतो. त्या वर्षी 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी असा तीन दिवस बेमेतरा जिल्ह्यात, नांदघाटजवळच्या गिधवा-परसद्याला पक्षी महोत्सव भरला. ‘हमर चिरई, हमर चिन्हारी’ हे त्याचं घोषवाक्य. तोवर तिथले तलाव गावाच्या निस्तारीचे, म्हणजे रोजच्या वापराचे. बदकांसाठी तिथे जाणारे आम्ही मोजकेच. महोत्सवानंतर रविवारी गाड्या भरून जाऊ लागल्या. चांगलंच झालं. पण एक खोडही लागली: जानेवारीत झुंबड, फेब्रुवारी सरला की काठावर चिटपाखरू नाही. म्हणजे माणसांतलं, पाखरं असतातच.

माझ्या मते पाहण्यासारखं असतं ते फाल्गुन-चैत्रातच. भुवई बदकाचा नर घ्या. पावसाळा संपता संपता तो येतो तेव्हा मादीसारखाच मातकट. नवशिक्याला दोघांत फरक कळत नाही. मार्चमध्ये त्याच नराच्या डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरी शुभ्र कमान उतरलेली, छाती तपकिरी, बाजूला राखाडी. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याचंही तेच. थंडीभर करडा असलेला हा पक्षी निघायच्या सुमारास मानेपासून विटकरी होत जातो. दिवस मोठा होऊ लागला की त्यांच्या अंगात ही उलथापालथ सुरू होते. पिसं बदलतात, खाणं वाढतं, कातडीखाली चरबी साठते. लांबच्या उड्डाणाची शिदोरी तीच. तलावाचं पाणी ओसरून चिखल उघडा पडतो तोही याच दिवसांत, त्यामुळे तुताऱ्या-पाणटिवळ्यांची चोच दिवसभर चिखलात.

पट्टकादंब मात्र फार थांबत नाहीत. तिबेट, मंगोलिया गाठायचं असतं, मध्ये हिमालय. याउलट भोरड्या पळस, काटेसावर फुलल्या की मकरंदावर तुटून पडतात, आणि एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे पसार होतात. त्यांच्यासाठी तलावावर जायचीही गरज नाही. आमच्या भिलाईजवळच्या चरोद्यातली एखादी फुललेली काटेसावर पुरते.

उशिराच्या पाहुण्यांकडे लोकांचं लक्ष गेलं ते 2024 मध्ये. बेमेतरा जिल्ह्यातच पाठीवर जीपीएस यंत्र असलेला व्हिम्ब्रेल, म्हणजे छोटा कोरल, कॅमेऱ्यात सापडला. एरवी समुद्रकिनाऱ्यावर दिसणारा हा पक्षी प्रवासात इथे टेकला होता. वर्तमानपत्रांनी त्याने कापलेल्या हजारो किलोमीटरांचं कौतुक केलं. मला अप्रूप वाटलं ते गर्दी ओसरल्यावरही कुणीतरी दुर्बीण घेऊन काठावर होतं याचं.

2025 मध्ये दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये पक्ष्यांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली गेले. चरोद्याच्या यार्डावरून जाणारी लाइन पुढे गोंदियाला पोचते, तिथून नवेगावबांधचा तलाव जवळच. त्या तलावाच्या सहवासात त्यांनी जे टिपलं त्यातून आमच्यासारख्या छत्तीसगडी मराठी घरांना पाखरांची मराठी नावं मिळाली. आणि डिसेंबरमध्ये बिलासपूरजवळच्या कोपरा जलाशयाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, राज्यातला पहिलाच. आता तिथेही गर्दी होईल. होऊ दे.

महोत्सव महिनाभर पुढे ढकलावा, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. उत्तरं ठरलेली: ऊन फार, आणि मुलांच्या परीक्षा. ऊन टाळायला पहाटे पाचला निघता येतं. परीक्षांवर मात्र अजून तोड सापडलेली नाही.