जुन्या टर्मिनलची नवी सोयरीक

संगणक आता खिशात आला. पण ग्रामीण बँकशाखांत तो अवतरला तेव्हा साऱ्या शाखेत मिळून तो बहुधा एकच असे. डॉ. सी. रंगराजन यांच्या समित्यांचे अहवाल 1984 आणि 1989 साली आले. त्यानंतर हळूहळू काउंटरवरची लेजरे गेली आणि लेखनिकांपुढे टर्मिनले आली. पडदा, कळफलक आणि मागे एक केबल. बुद्धी सगळी आतल्या खोलीतल्या युनिक्सवाल्या संगणकाची. त्यांना 'डम्ब टर्मिनल' म्हणत. डम्ब म्हणजे मुके की मठ्ठ, यावर आमच्यात वाद होई. मला ते मठ्ठ वाटे, मुके नव्हे. दुसऱ्याची बुद्धी घेऊन बोलणारे आमच्या खात्यात कमी नव्हते.

माझ्या नोकरीची काही वर्षे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गेली. ज्या शहापुरातून भातसा-तानसाचे पाणी बिनबोभाट मुंबईला पोचते, तिथे वीज मात्र लहरीवर चाले. पीककर्जाच्या दिवसांत पाड्यांवरून चालत आलेली माणसे पितळी टोकन मुठीत धरून बसत. टर्मिनल बंद पडले की त्यांची शेवटची एसटी चुके. आणि बिघाड बहुधा यंत्रात नसे. तो असे केबलमध्ये. कुठे उंदरांनी ती कुरतडलेली, कुठे पंचवीस पिनांच्या जोडातली एखादी तार निसटलेली.

2000 च्या सुमारास शाखांत नेटवर्कची 'कॅट-फाइव्ह' केबल आली: बारीक, स्वस्त, आत पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या. तीच जुन्या टर्मिनलला का लावू नये, असा विचार पुढे आला. लावता येते, पण तिचे टोक नेटवर्कच्या हबमध्ये खोचून भागत नाही. खाच जुळली म्हणून भाषा जुळत नाही. टर्मिनलची भाषा आरएस-232. तिच्यात तीन व्होल्टच्या वर अधिक दाब म्हणजे शून्य आणि तितकाच उणे दाब म्हणजे एक. आयुष्यभर जमाखर्च लिहिलेल्या माणसाला हा उलटा हिशोब पचायला वेळ लागला.

जोडायला तीनच तारा पुरतात. 2 क्रमांकाच्या पिनेवरून बोलायचे, 3 वर ऐकायचे, 7 ही दोघांची सामाईक जमीन. संगणकाचा जोडही त्याच धाटणीचा असेल तर एकाची 2 दुसऱ्याच्या 3 ला द्यायची, नाहीतर दोघेही एकाच तारेवर बोलत बसतात. बोलण्याची आणि ऐकण्याची तार मात्र एकाच पिळात घालू नये. एकीचे दुसरीत उमटते. प्रत्येकीला जमिनीची एकेक तार सोबतीला द्यावी. 1969 च्या 'सी' आवृत्तीत लांबीची मर्यादा पन्नास फूट होती. कॅट-फाइव्हची विद्युतधारकता कमी असल्याने ती त्याच्या दुपटीहून लांब चालते. वेग 9600 चा. म्हणजे सेकंदाला 960 अक्षरे, आणि ऐंशी रकान्यांच्या चोवीस ओळींचा भरगच्च पडदा दोन सेकंदांत.

मुरबाडकडच्या एका शाखेत अंगणापलीकडच्या खोलीतले टर्मिनल दर वळिवाला जळे. कल्याणहून आलेल्या तंत्रज्ञाने केबलला हातही न लावता दोन्ही इमारतींचे अर्थिंग तपासले. ते वेगळे होते, आणि फरकाचा प्रवाह त्या सातव्या तारेतून धावत होता. त्याने त्या टर्मिनलची वीज मुख्य इमारतीच्या यूपीएसवरून घेतली आणि पुढे ते तगले.

कधी तर बिघाडच नसे. कंट्रोल आणि एस एकदम दाबले गेले की पडदा गोठतो. कंट्रोल-क्यू दाबले की सुटतो. एवढ्यासाठी कल्याणला फोन गेलेले मी पाहिले आहेत.

पुढे कोअर बँकिंग आले आणि ती टर्मिनले भंगारात गेली. त्यांची भाषा मात्र अजून बोलली जाते: कित्येक राउटरांच्या मागे 'कन्सोल' लिहिलेली खाच असते, तिथे हीच आरएस-232, बहुधा त्याच 9600 वेगाने. एखाद्या शाळेच्या माळ्यावर जुने टर्मिनल सापडलेच, तर यूएसबीचा अडॅप्टर आणि कॅट-फाइव्हचा तुकडा घेऊन आजच्या संगणकाला ते जोडता येईल. आधी मल्टीमीटर 2 आणि 7 या पिनांवर लावून पाहावा. काटा उणेकडे सरकला की टर्मिनल जिवंत आहे.