'तेवीस गोष्टी' उपक्रम आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे ऑनलाइन साधन-शिक्षण

बीजशब्द : ग्रंथालय कर्मचारी, वेब २.०, स्वयंअध्ययन, तेवीस गोष्टी, महाविद्यालयीन ग्रंथालय

प्रस्तावना

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीतील पाचवे सूत्र 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे' असे सांगते. ही वाढ सामान्यतः ग्रंथसंख्या आणि वाचकसंख्या यांवरून मोजली जाते. रंगनाथन यांनी मात्र या सूत्राचा विचार ग्रंथ, वाचक आणि कर्मचारी अशा तिन्ही अंगांनी केला आहे. त्यांपैकी तिसऱ्या अंगाकडे, म्हणजे ग्रंथालयात प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाच्या वाढीकडे, तुलनेने कमी लक्ष दिले जाते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या उणिवेची जाणीव तीव्र झाली. २००४ नंतर 'वेब २.०' ही संज्ञा रूढ झाली आणि माहिती केवळ वाचण्याऐवजी ती लिहिण्याची, वाटण्याची व तिला खुणेचे शब्द जोडण्याची सोय सामान्य वापरकर्त्यास मिळाली. २००५ मध्ये मायकेल केसी यांनी 'लायब्ररी २.०' ही संज्ञा वापरात आणली. परंतु देवघेव विभागात पुस्तकांवर शिक्का मारणाऱ्या कर्मचाऱ्याने ही साधने शिकावीत कशी, हा प्रश्न संज्ञेने सुटणारा नव्हता. या प्रश्नाला एका सार्वजनिक ग्रंथालयाने दिलेले उत्तर आणि त्याची महाराष्ट्रातील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या दृष्टीने उपयुक्तता यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. 'तेवीस गोष्टी' या उपक्रमाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. त्यामागील शिक्षणविषयक दृष्टिकोनाचे विवेचन करणे.
३. उपक्रमातील साधनांच्या पुढील वाटचालीवरून निघणारा बोध मांडणे.
४. महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी त्याची उपयोजकता तपासणे.

उपक्रमाचे स्वरूप

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात शार्लट शहर व मेक्लेनबर्ग परगणा यांचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. तेथे तंत्रज्ञानविषयक जबाबदारी सांभाळणाऱ्या हेलीन ब्लोअर्स यांनी ऑगस्ट २००६ मध्ये 'लर्निंग २.०' हा उपक्रम सुरू केला. पुढे तो 'तेवीस गोष्टी' या नावाने ओळखला गेला. ग्रंथालय क्षेत्रातील लेखक स्टीफन अ‍ॅब्राम यांनी त्याच वर्षी एका लेखात, वर्षभरात करून पाहाव्यात अशा त्रेचाळीस गोष्टींची यादी दिली होती. त्या लेखापासून ब्लोअर्स यांना कल्पना सुचली. नऊ आठवड्यांत तेवीस छोट्या कृती प्रत्येकाने स्वतः करून पाहायच्या आणि प्रत्येक कृतीनंतर आपला अनुभव स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचा, अशी ही योजना होती.

कृतींची मांडणी सोप्याकडून कठीणाकडे जाणारी होती. आरंभी आजीवन अध्ययनाविषयी विचार आणि ब्लॉग तयार करणे. त्यानंतर फ्लिकरवरील छायाचित्रे, आरएसएस आणि वृत्तवाचक. मग लायब्ररीथिंगवर आपल्या पुस्तकांची सूची, डिलिशिअसवर पृष्ठखुणा, विकीवर लेखन. आणि शेवटी ऑनलाइन शब्दप्रक्रिया, यूट्यूब, पॉडकास्ट व श्राव्यग्रंथ. तेविसावी कृती म्हणजे संपूर्ण प्रवासाचे स्वतः केलेले सिंहावलोकन होते.

उपक्रमाची तीन वैशिष्ट्ये विशेष लक्षणीय आहेत. पहिले, तो केवळ व्यावसायिक ग्रंथपालांसाठी नव्हता. सर्व स्तरांवरील कर्मचारी त्यात सहभागी होऊ शकत होते. दुसरे, त्यात वर्ग किंवा प्रशिक्षक नव्हते. अडल्यास सहकाऱ्याला विचारावे आणि आपल्याला जमल्यास दुसऱ्याला सांगावे, अशी अपेक्षा होती. टोपणनावाने लिहिण्याची मुभा असल्याने अज्ञान उघडे पडण्याची धास्तीही कमी झाली. तिसरे, मुदतीत सर्व कृती पूर्ण करणाऱ्यास एमपी-३ प्लेअर दिला जाई. हे बक्षीस अर्थपूर्ण होते. कारण पॉडकास्ट आणि श्राव्यग्रंथ यांचा अनुभव घेण्याचे साधनच त्यामुळे कर्मचाऱ्याच्या हाती आले.

शिक्षणविषयक दृष्टिकोन

उपक्रमाच्या आरंभी यशस्वी आजीवन अध्ययनार्थीच्या 'साडेसात सवयी' सांगितल्या होत्या. ध्येय निश्चित करणे, स्वतःच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारणे, अडचणीला आव्हान मानणे, इतरांना शिकवणे इत्यादी सात सवयी परिचित स्वरूपाच्या आहेत. उरलेली अर्धी सवय म्हणजे खेळणे. प्रौढ कर्मचाऱ्याच्या शिक्षणात हा घटक सहसा गृहीत धरला जात नाही. कार्यालयीन संगणकावर चूक झाल्यास नोंद बिघडेल आणि वरिष्ठ जाब विचारतील, या भीतीने अनेक जण ठरावीक दोन-तीन कळांपलीकडे जात नाहीत. खेळण्याला मान्यता मिळाली की चूक करण्यालाही मान्यता मिळते.

विकीवरील कृती हे याचे उत्तम उदाहरण होय. विकीमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि पूर्वीची आवृत्ती परत आणता येते. सरावासाठी असलेल्या पानाला मराठी विकिपीडियावर 'धूळपाटी' हे समर्पक नाव आहे. धूळपाटीवर काढलेले अक्षर चुकले तर हाताने पुसून पुन्हा काढता येत असे. शिकणाऱ्यास त्याचा दंड नव्हता. ग्रंथालय कर्मचाऱ्यास अशी धूळपाटी उपलब्ध करून देणे हेच या उपक्रमाचे मर्म होते.

खुणेच्या शब्दांची कृतीही अशीच बोधप्रद आहे. वर्गीकरण पद्धतीनुसार ग्रंथाला फडताळावर एकच स्थान मिळते आणि विषयशीर्षके तज्ज्ञांच्या परिभाषेत असतात. वाचक मात्र स्वतःच्या शब्दांत विचारतो. सूचीत 'कृषी अर्थशास्त्र' या शीर्षकाखाली असलेला ग्रंथ विद्यार्थी 'शेतकरी आत्महत्या' या शब्दांनी मागतो. डिलिशिअससारख्या साधनावर स्वतः खुणेचे शब्द देऊन पाहणाऱ्या कर्मचाऱ्यास या दोन भाषांमधील अंतर कोणत्याही व्याख्यानाविना उमगते.

प्रसार आणि साधनांचे भवितव्य

उपक्रमाचा आराखडा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला ठेवल्यामुळे त्याचा वेगाने प्रसार झाला. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न परिसरातील यारा प्लेंटी ग्रंथालयाने तो लवकरच स्वीकारला. २००८ मध्ये मिनेसोटा राज्यात आणि २०१० मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत त्याच्या स्थानिक आवृत्त्या राबवल्या गेल्या.

आज मागे वळून पाहता मूळ यादीतील अनेक साधने नामशेष झालेली दिसतात. ठरावीक संकेतस्थळांत शोध घेणारे रोलिओ बंद पडले. डिलिशिअस अनेक हातांतून फिरून २०१७ मध्ये पिनबोर्डने विकत घेतले व त्यानंतर तेथे नव्या नोंदी करणे थांबले. उपक्रमाच्या पुढील आवृत्त्यांत लोकप्रिय असलेले गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. याउलट लायब्ररीथिंग, फ्लिकर आणि यूट्यूब टिकून आहेत.

यावरून उपक्रम निष्फळ ठरला असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. गूगल रीडर गेले, परंतु पॉडकास्टचे वितरण आजही मोठ्या प्रमाणावर आरएसएसच्या आधारे होते. डिलिशिअस गेले, परंतु खुणेचे शब्द देण्याची रीत सर्वत्र रुजली. ज्याने केवळ बटणांचा क्रम पाठ केला त्याचे शिक्षण साधनाबरोबर संपले. ज्याने साधनामागील तत्त्व आणि नवे साधन हाताळण्याची रीत आत्मसात केली, त्याला पुढील साधन परके राहिले नाही.

उपक्रमाच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. यादी पूर्ण करणे हेच उद्दिष्ट बनण्याचा धोका त्यात आहे. घरी संगणक नसलेल्या कर्मचाऱ्यास कार्यालयीन वेळेत सवड मिळाली नाही, तर 'स्वयंअध्ययन' हा शब्द अन्यायकारक ठरतो. तसेच प्रत्येक साधनासाठी खाते उघडताना खासगी माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न उद्भवतो.

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संदर्भात

आपल्याकडील महाविद्यालयीन ग्रंथालयांतही साधने सतत बदलत आली आहेत. इन्फ्लिबनेटच्या 'सोल' प्रणालीची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये आणि तिसरी २०२१ मध्ये आली. काही ग्रंथालयांनी 'कोहा' ही मुक्त प्रणाली स्वीकारली. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'एन-लिस्ट' योजनेने महाविद्यालयांना हजारो ई-नियतकालिके खुली केली, तर 'शोधगंगा'मुळे प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले.

मात्र प्रशिक्षणाची रचना विषम आहे. ग्रंथपालपद अध्यापकपदाशी समकक्ष असल्याने उजळणी वर्गांची सोय ग्रंथपालास मिळते. ग्रंथालय लिपिक व परिचर यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते. वास्तविक ग्रंथपाल बैठकीस गेलेले असताना किंवा सायंकाळच्या वेळेत विद्यार्थ्याच्या दृष्टीने देवघेव खिडकीपाशी बसलेला परिचर हाच ग्रंथालय असतो. त्याच्या उत्तरावर विद्यार्थी थांबतो किंवा परत जातो.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत याचे महत्त्व अधिकच आहे. 'वाऱ्यावरची वरात' या पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकाच्या नावातील 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन भिन्न संकेतक्रमांनी टंकलिखित होऊ शकतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. प्रणालीने त्यांचे एकरूपीकरण केले नसेल, तर एका रूपाने शोधणाऱ्यास दुसऱ्या रूपातील नोंद सापडत नाही. युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या जुन्या नोंदींची अवस्था याहून बिकट असते. अशा वेळी पुस्तक फडताळावर असूनही 'नाही' असे उत्तर दिले जाते. केवळ 'वरात' हा शब्द टाकून किंवा लेखकाच्या नावाने पुन्हा शोधावे, हे ज्या कर्मचाऱ्यास ठाऊक आहे तो वाचकास रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.

म्हणून महाविद्यालयाने स्वतःची छोटी यादी तयार करणे उपयुक्त ठरेल. तीत पुढील कृतींचा समावेश करता येईल : इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकलेखन, सूचीत एकच ग्रंथ तीन मार्गांनी शोधणे, शोधगंगेवरून आपल्या विद्यापीठातील प्रबंध काढणे, मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर नोंद पाहणे, विकिपीडियाच्या धूळपाटीवर परिच्छेद लिहिणे, सुरक्षित परवलीचा शब्द ठेवणे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेला ग्रंथसंदर्भ पडताळणे. शेवटची कृती आज निकडीची आहे. कारण ही साधने अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची नावेही विश्वासार्ह भासतील अशा रीतीने देतात, आणि ते ग्रंथ मागण्यासाठी विद्यार्थी प्रथम परिचरापाशीच येतो.

निष्कर्ष

१. ऑनलाइन साधनांचे शिक्षण पाहून वा ऐकून नव्हे, तर स्वतः करून आणि चुका करून होते.
२. साधने अल्पायुषी असतात. साधनामागील तत्त्वे आणि शिकण्याची सवय दीर्घकाळ टिकते. प्रशिक्षणाचा भर त्यांवर असावा.
३. प्रशिक्षण ग्रंथपालापुरते मर्यादित न ठेवता लिपिक व परिचर यांच्यापर्यंत पोहोचवावे.
४. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा कामाच्या वेळेतील आठवड्याचा निश्चित तास, एक संगणक आणि चूक करण्याची मुभा यांची अधिक गरज आहे.
५. प्राध्यापकांनीही या कृती ग्रंथालय कर्मचाऱ्यांसमवेत कराव्यात. संदर्भसेवेची मागणी करणारा आणि ती पुरवणारा एकाच धूळपाटीवर शिकले, तर त्या सेवेचा दर्जा उंचावण्यास निश्चितच मदत होईल.