ल्युपसमधली पोटदुखी अंगावर काढू नका

ल्युपस म्हटलं की गालांवरचा लालसर चट्टा, सांधेदुखी आठवते. पोट सहसा आठवत नाही. पण या आजारात प्रतिकारशक्ती आतड्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांवरही उलटते. त्या सुजल्या की आतड्याचा रक्तपुरवठा घटतो. कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. सीटी स्कॅनमध्ये आतड्याची सुजलेली भिंत वलयात वलय अशी दिसते. वेळेत स्टेरॉइड मिळाल्यास बहुतेकदा शस्त्रक्रिया टळते. उशीर झाल्यास आतडं सडून फुटू शकतं. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, किंवा आतड्यातून प्रथिनं गळून पाय सुजतात. आधीच स्टेरॉइड चालू असतील तर गंभीर बिघाडही सौम्य दुखण्याआड लपतो. म्हणून ल्युपसच्या रुग्णाने ॲसिडिटीच्या गोळीवर भागवू नये. पोटदुखी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.